याच्या आधी कोण?

बाई पहिल्यांदा खोली बघायला आल्या तेव्हा त्यांनी भाडं विचारलं नाही, पाणी किती वाजता येतं तेही विचारलं नाही. दारात चपला काढल्या, आत गेल्या, भिंतीवरच्या एका खिळ्यावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "या खोलीत याच्या आधी कोण राहत होतं?"

माझं डोकं तिथेच फिरलं. मला वाटलं, ही बाई जात काढतेय. नाहीतर कुणी मेलंबिलंय का ते बघतेय.

"माणसंच राहत होती," मी म्हटलं. "का?"

"नाही, हा खिळा. इतका खाली कोण ठोकतं? काहीतरी कारण असणार."

कारण होतं. आधीच्या भाडेकरूची आई अंथरुणावरच असायची. तिला पडल्या पडल्या औषधाची पिशवी घेता यावी म्हणून त्याने खिळा खाली ठोकलेला. मी हे सांगितल्यावर बाईंचा चेहरा असा उजळला की जणू मी दोन महिन्यांचं भाडं माफ केलं. "बघा! म्हणजे खाट इथेच लावायची." आणि त्यांनी खाट तिथेच लावली, त्या खिळ्याला चष्म्याची पिशवी अडकवली आणि जाईपर्यंत ती तिथून हलवली नाही. खोलीतला एकही जुना खिळा त्यांनी उपटला नाही. म्हणायच्या, आधीच्याने विचार करून ठोकलेला असतो, आपल्याला समजेपर्यंत राहू द्यावा.

मी कोलशेतचा. इथलाच, खाडीकाठचा. आता आजूबाजूला टॉवर झालेत आणि त्यांच्या गेटवरचा वॉचमन मला "किधर जाना है?" विचारतो, ज्या जागेत माझ्या बापाची भातशेती होती तिथे. शाळा चौथीपर्यंत. चौथीत मी दोनदा बसलो, आणि दोन्ही वेळा मास्तरांचीच चूक होती. आधी खाडीत मासे मारले, मग कंपनीत पाइप उचलले, कंपनी बंद पडल्यावर घरावर मजला चढवला आणि मालक झालो. हे जे लिहितोय त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुनेने सुधारलेत. तिने दोन-तीन वाक्यंही सुधारली होती, ती मी परत बिघडवली.

बाई कल्याणच्या एका कॉलेजात शिकवून रिटायर झालेल्या. रसायनशास्त्र शिकलेल्या आणि सगळी हयात बुरशीवर घालवलेली. लग्न केलेलं नव्हतं. मनगटाला पुरुषी घड्याळ, गळ्यात दोन चष्मे, आणि चालताना असं वाटायचं की कुणाचा तरी माग काढत चालल्यात. मला "मालक" म्हणायच्या. त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सामान टेम्पोतून आलं. हमालांनी पुस्तकांची खोकी धाडधाड टाकली तरी त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या हातात स्टीलची एक डबी होती. मी मदत म्हणून ती घ्यायला गेलो तर त्यांनी झटकन छातीशी ओढली. मला वाटलं दागिने. आत दही होतं.

"विरजण आहे, मालक. माझ्या आईच्या दह्याचं."

"आई कुठे असतात?"

"तिला जाऊन खूप वर्षं झाली."

मी त्या डबीपासून दोन पावलं मागे सरलो. त्या हसायला लागल्या. मग मला जिन्यातच उभं करून समजावलं, की रोज रात्री कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात जातं, त्यातले जीव दुधातली साखर खातात, आंबट करून ठेवतात, आणि उद्याची सोय करून जातात. घरं बदलली, गावं बदलली, पण ही साखळी आईपासून तुटू दिली नव्हती. "दही पहिलंवहिलं कुणी लावत नाही, मालक. आधीचं लागतं."

मी म्हटलं, "आम्ही डेअरीतून आणतो."

"तेही कुणीतरी लावलेलंच असतं," त्या म्हणाल्या आणि डबी घेऊन वर गेल्या.

असा सगळा त्यांचा हिशेब. काहीही दाखवा, काहीही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला: याच्या आधी कोण? माझ्या मुलाने एकदा जेवताना विनोद सांगितला, अख्खं घर हसलं आणि बाई म्हणाल्या, "छान आहे. तुम्ही कुणाकडून ऐकलात?" पुन्हा त्याने त्यांच्यासमोर विनोद सांगितला नाही. मी मोबाइल शिकलो तेव्हा त्यांना रोज सकाळी आरोग्याचे उपाय पाठवायचो. कोमट पाण्यात हे घाला, नाभीत ते घाला. त्यांचं उत्तर यायचं: "हे कुणी करून पाहिलं? कितीजणांवर? त्यांच्या आधीच्यांचं काय म्हणणं?" मी उत्तरादाखल गुड मॉर्निंगचा गुलाब पाठवायचो.

एकदा माझ्या म्हातारीने त्यांना बोंबलाचं कालवण पाठवलं. म्हातारी म्हणजे माझी बायको. तेव्हा ती इतकी म्हातारी नव्हती, पण मी तेव्हाही म्हणायचो. बाईंच्या घरचे लोक मासे न खाणारे. त्या मात्र खायच्या. म्हणायच्या, "अभ्यास म्हणून सुरू केलं. मग अभ्यास सुटला, बोंबील राहिले." तर भांडं परत द्यायला खाली आल्या आणि सुरू झाल्या.

"वहिनी, हे कुणाकडून शिकलात?"

"सासूकडून."

"आणि त्या?"

"त्यांच्या आईकडून, आनि कोनाकडून!"

बाईंनी दोन्ही हात जोडून आधी त्या आईचं कौतुक केलं, मग माझ्या आईचं, आणि सगळ्यात शेवटी माझ्या बायकोचं. ही आठवडाभर घुश्शात. "जल्लं मेलं, रांधलं मी आनि नाव सासूचं! सासू हयात असताना पन हेच आनि आता पन हेच!"

बाईंच्या कानावर ते गेलं. त्या मुद्दाम खाली आल्या, ओट्यापाशी उभ्या राहिल्या. "वहिनी, तुमच्या सासूबाई चिंच घालायच्या ना? तुम्ही म्हणाला होतात."

"हां. मी कोकम घालते. चिंचेनं काळं पडतं."

"मग झालं तर. चिंचेपर्यंत त्यांचं. कोकम तुमचं. थोडंसंच आहे, पण ते पक्कं तुमचं, कुणी काढून घेऊ शकत नाही."

बायको विरघळली. त्या दिवसापासून बाईंना वर मोठं भांडं जायला लागलं, आणि मी जेवताना काही बोललो की मला ऐकायला लागायचं, "मना नको शिकवू. कोकम माझं हाय."

मला तेव्हा हे सगळं भिकारपणाचं वाटायचं. स्वतःचं म्हणून काही असावं की नाही माणसाचं? मी एकदा गच्चीवर त्यांना सरळ विचारलं. त्या पापड वाळत घालत होत्या.

"बाई, तुम्ही इतकी वर्षं संशोधन केलंत. शोधलं काय?"

"खाडीच्या चिखलात एक बुरशी असते. ती एक आम्ल तयार करते. माझ्या आधीच्यांनी मोजलं होतं त्यापेक्षा ते कमी असतं, एवढं मी शोधलं."

"कमी?"

"कमी. त्यांची भांडी नीट धुतलेली नव्हती."

मी हसलो. गच्चीवर कुणी नव्हतं म्हणून मोकळेपणाने हसलो. "सगळं आयुष्य घालवलं ते कमी आहे म्हणायला?"

"त्यांनी मोजलं नसतं तर मी कुठून सुरू केलं असतं?" त्या पापड उलटत म्हणाल्या. "आणि मग एका माणसाने माझं कमी धरून पुढे काम केलं. माझंही थोडं चुकलं होतं म्हणे. मला इतका आनंद झाला."

चूक निघाल्याचा आनंद! मी खाली येऊन बायकोला म्हटलं, वरच्या बाईंना उन्हाचा त्रास होतोय.

आता माझ्या शोधाकडे येतो. हो, मीही शोध लावला.

आमच्या घराची रस्त्याकडची भिंत पोपटी ऑइलपेंटची. दरवर्षी पावसाळ्यात ती बुरशीने काळी पडायची. गावाच्या देवळाची भिंतही तशीच. एका चैत्रात माळा साफ करताना मला बापाच्या जाळ्याचा तुकडा सापडला. सुताचं जाळं, नायलॉनच्या आधीचं. बाप ऐनाच्या झाडाची साल मोठ्या भांड्यात उकळायचा, तांबडा काढा व्हायचा, त्यात जाळं बुडवून काढायचा. मग ते खाऱ्या पाण्यात कुजायचं नाही. तो तुकडा इतकी वर्षं माळ्यावर कोंदट अंधारात पडून होता, पण त्याला बुरशीचा डाग नाही. मी जाळ्याकडे बघितलं, खिडकीतून भिंतीकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यात वीजच पडली.

मुरबाडच्या व्याह्याकडून ऐनाची साल मागवली. गच्चीवर उकळली. गल्लीत असा वास सुटला की शेजारी विचारायला आले, कोण आजारी आहे. काढा नुसता भिंतीला चिकटणार कसा, म्हणून त्यात चुना कालवला आणि मागच्या मोरीची भिंत रंगवली. रंग झाला कडक चहासारखा. चैत्र गेला, वैशाख गेला. भिंतीवर एक ठिपका नाही. मी रोज सकाळी मोरीत जाऊन भिंत बघायचो. बायको म्हणाली, पोट बिघडलंय का?

त्याच वेळी गावकीची बैठक झाली. गावकी म्हणजे गावच्या जुन्या घरांतली माणसं, देवळाचं सगळं तीच बघतात. देवळाची भिंत गणपतीनंतर, दिवाळीपर्यंत रंगवायची होती. माझा चुलतभाऊ म्हणाला, कंपनीचा गॅरंटीवाला रंग आणू. या भावाचं घर माझ्या समोर, आणि देवळामागच्या पाण्याच्या टाकीवर संगमरवरात त्याचं नाव. रोज पाणी भरताना मला ते वाचायला लागायचं. मला दुसरं काही पटकन वाचता येत नाही, पण ते नाव पाठ.

मी उठलो. "कंपनीचा रंग नको. माझ्याकडे औषध आहे. मी स्वतः शोधलंय. फुकट देतो, मजुरीसकट. फक्त कोपऱ्यात माझ्या नावाची एक लहान पाटी लावा."

"काय रं," भाऊ म्हणाला, "औषध पाजायचा हाय का लावायचा हाय?"

बैठक हसली. पण फुकट म्हटल्यावर पूर्ण हसली नाही. म्हातारे म्हणाले, गणपतीत बघू, पावसाळ्यात टिकलं तर तुझं.

मी तडक वर जाऊन बाईंना सांगितलं. कुणाला तरी सांगायला पाहिजेच होतं, आणि शिकलेलं माणूस जवळ तेवढंच. त्यांनी ऐकलं आणि अर्थात, "याच्या आधी कोण?"

"कोणी नाही! मीच पहिला!"

"आणि वडील?"

"बापाने जाळ्याला लावला. भिंतीला मी."

त्या खूश झाल्या. खरंच झाल्या. "मग तेवढं तुमचं होऊ शकतं, मालक. होऊ शकतं. पण तुम्ही चैत्रात लावून वैशाखात बघितलंत. उन्हाळ्यात बुरशी माझ्या प्रयोगशाळेतसुद्धा रुसून बसायची. आणि त्यात चुना का घातलात?"

"चिकटायला."

त्यांनी एक चष्मा काढला, दुसरा लावला, माझ्याकडे बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "बरं."

तो "बरं" मला तेव्हाच कळायला हवा होता.

त्यांनी अट घातली. देवळाला हात लावण्याआधी स्वतःच्या घराची पुढची भिंत. त्यावर शेजारी शेजारी तीन पट्टे. एक आहे तसा, पोपटी. दुसरा, रंग खरवडून, माझ्या काढ्याचा. तिसरा खरवडून नुसत्या चुन्याचा. ऊन, पाऊस, धूळ तिघांना सारखी. आणि पावसाळाभर हात लावायचा नाही.

"माझं औषध बघायचंय ना? मग नुसता चुना कशाला?"

"भिंतीला बोलता यावं म्हणून."

आता आमच्याकडे गणपतीआधी घर रंगवतात. उंबऱ्यापासून छपरापर्यंत सगळं. गौरीला माहेरवाशिणी येतात, पाहुणे येतात, घराचं तोंड स्वच्छ पाहिजे. अशा वेळी रस्त्याच्या भिंतीवर पोपटी, तांबडा आणि पांढरा असे तीन पट्टे ठेवायचे म्हणजे काय, ते बायकोने मला एका वाक्यात सांगितलं. "घराला खरूज झाली बोलतील."

पण मी हट्टी. मला एकदा नाही म्हटलं असतं तर मी कदाचित सोडलं असतं, पण समोरून भाऊ ओरडला, "काय रं शास्त्रज्ञा, शाळंचा युनिफॉर्म शिवतोस का घराला?" मग मी तिन्ही पट्टे अजून रुंद केले.

पाऊस लागला. आषाढात पोपटी पट्टा काळा पडला. मी रस्त्यावर खुर्ची टाकून बसायचो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो: ते बघा, कंपनीचा रंग. आणि हा माझा. श्रावणात माझ्या पट्ट्यावर जमिनीजवळ राखाडी ठिपके दिसायला लागले. मी म्हटलं, रिक्षा चिखल उडवते. मग ठिपके वर चढायला लागले. मी म्हटलं, वाऱ्याने. आणि तो तिसरा, नुसत्या चुन्याचा, निर्लज्जासारखा पांढराशुभ्र उभा होता.

गणपतीच्या दोन दिवस आधी सकाळी मी फडकं ओलं करून बाहेर आलो. मनात पाप नव्हतं. धूळ पुसायची होती. म्हणजे, मी स्वतःला तसं सांगितलं होतं. दोन हात मारले असतील नसतील, तोच वरून गॅलरीतून आवाज आला.

"मालक, पुसताय तर तिन्ही पुसा."

मीही माझ्या बापाचा. तिन्ही पुसले. वरपासून खालपर्यंत, कंबर मोडेपर्यंत. आणि दुपारी भिंत वाळल्यावर बघतो तर माझ्या पट्ट्यावरचे डाग मागून परत वर आलेले, आणि पांढरा अजूनच पांढरा झालेला.

मी ओट्यावर तोंड पाडून बसलो. बाई खाली आल्या, शेजारी बसल्या.

"मालक, ऑइलपेंटच्या आधी या घराला काय होतं?"

"चुना. आई लावायची. दरवर्षी गणपतीआधी, काथ्याच्या कुंचल्याने. डोक्याला फडकं बांधून."

"मग बंद का झालं?"

"मला कंपनीत बोनस मिळाला. चुना शर्टाला लागतो. आपण काय गरीब राहिलो का, म्हटलं. पोपटी ऑइलपेंट मारला. आई म्हणाली, भिंतीचा श्वास कोंडला. मी म्हटलं, तुला काय कळतं."

"तेव्हा बुरशी यायची?"

मी आठवून बघितलं. घराची आईच्या वेळची भिंत डोळ्यांसमोर आणली. येत नव्हती.

मग बाईंनी सांगितलं. ताजा चुना इतका तिखट असतो की बुरशीचं बी त्यावर तग धरत नाही. पुढे हवा लागून लागून तो दगडासारखा होतो आणि त्याचा तिखटपणा जातो, म्हणून दरवर्षी नवा हात द्यायचा. आई देत होती तसा. आणि ऐनाच्या सालीत जे तुरट असतं ते सुताला कुजू देत नाही, तेही खरं. पण ते चुन्यात पडलं की चुना त्याला धरून बसतो. तुरटही वाया, चुन्याचाही जोर कमी, आणि वर सालीचा गाळ बुरशीला खाऊ.

"म्हणजे तुमचे वडील बरोबर होते आणि तुमच्या आईही बरोबर होत्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघांना एका बादलीत घालून भांडायला लावलंत."

"ते तसेही भांडायचेच," मी म्हटलं.

आम्ही दोघंही हसलो. पण मला आतून हसू येत नव्हतं. गावकी दीड दिवसाच्या आरतीला माझ्या घरी यायची होती.

आली. आरती झाली, प्रसाद झाला, आणि सगळी मंडळी हातात मोदक घेऊन भिंतीसमोर उभी राहिली. आता एक लक्षात घ्या. यातला कोणता पट्टा कसला हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. मी आषाढात खुर्चीवर बसून "हा माझा" म्हणायचो तेव्हा दोन्ही पट्टे स्वच्छ होते आणि माझा हात दोघांच्या मध्ये कुठेतरी हलायचा. मोरीतली भिंत बायकोशिवाय कुणी पाहिली नव्हती. म्हाताऱ्यांनी पांढऱ्या पट्ट्यावर बोट फिरवलं. एकाने मान डोलावली. "देवळाला हा बेस."

भाऊ माझ्याजवळ आला. "काय रं, यातला तुझा कंचा?"

बाई माझ्या उजव्या बाजूला उभ्या होत्या. मोदक खात होत्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या. बायको दारात. तिचे डोळे मला सांगत होते, बोट पांढऱ्याकडे कर आणि संपव एकदाचं. संगमरवराची पाटी मला दिसत होती, अक्षरांसकट. मी बोट उचललंही.

आणि त्या बोटाला काय झालं कोण जाणे. पांढऱ्याकडे न्यायला गेलो तर डोक्याला फडकं बांधलेली आई समोर आली, हातात कुंचला, आणि मी तिला म्हणतोय, तुला काय कळतं. आधीच एकदा तिची भिंत पोपटी केली होती. आता पांढरी केली तीही माझीच म्हणायची?

"तांबडा माझा," मी म्हटलं. "पांढरा माझ्या आईचा."

भाऊ इतका हसला की त्याचा मोदक खाली पडला. गावकीने ठरवलं, देवळाला चुना. आणि चुन्याला कुणाची पाटी लावणार? सगळ्यांच्याच आया लावायच्या. बाईंनी हातातला मोदक संपवला, बोटं पुसली आणि मला म्हणाल्या, "मालक, हे लिहून काढायला पाहिजे."

मला वाटलं त्या थट्टा करतायत. पण नाही. विज्ञानाचं एक लहानसं मासिक निघायचं, त्यात ते देणार असं त्यांनी सांगितलं. मी भडकलो.

"माझी फजिती छापणार?"

"फजिती नाही. चुन्यात सालीचा काढा घातला तर काम होत नाही, हे. नाहीतर उद्या दुसरा कुणी मालक हेच करून स्वतःची भिंत खराब करेल. त्याला कळायला नको, की हे करून झालंय?"

मी दोन दिवस विचार केला. फजिती तर झालीच होती, ती भाऊ फुकट छापतच होता गावभर. तिसऱ्या दिवशी वर गेलो. "छापा. पण नाव माझं पूर्ण टाका, बापाच्या नावासकट."

"आईंचंही टाकते," त्या म्हणाल्या.

मासिक आलं तेव्हा मी सुनेकडून वाचून घेतलं. आधी बापाचं नाव होतं, जाळ्यांच्या काढ्यासाठी. मग आईचं, चुन्यासाठी. मग त्यांच्याही आधी ज्यांनी चुन्याचा आणि सालीचा अभ्यास केला त्या कुठल्या कुठल्या लोकांची. आणि सगळ्यात शेवटी मी. बायको ओट्याशी उभी राहून ऐकत होती. तिने भाजी ढवळत एवढंच म्हटलं, "आता कळलं, सासूच्या नंतर येताना कसं वाटतं?"

पुढे बाईंच्या गुडघ्यांनी जिना मानला नाही. त्यांची भाची ठाकुर्लीला राहते, लिफ्टच्या इमारतीत, ती न्यायला आली. जाताना त्यांनी बायकोला विरजणाची वाटी दिली. मला खिळ्याचं सांगून गेल्या: "नवीन कुणी आलं आणि विचारलं, तर सांगा हं, आधी औषधाची पिशवी, मग चष्मा." पुढच्याच वर्षी त्या वारल्या. मी ठाकुर्लीला गेलेलो. भाचीच्या ओट्यावर झाकण घातलेली दह्याची वाटी होती. मी रडलो नाही, फक्त सगळ्यांना सांगत बसलो की बाई भाडं कधी चुकवत नसत. दुसरं काही सुचेचना.

आता यंदा गणपतीच्या तोंडावर मला एक फोन आला. कोकणातल्या कुठल्या कॉलेजातली मुलगी. म्हणाली, आम्ही जुन्या देवळांच्या भिंती बुरशीपासून वाचवायच्या म्हणून झाडांच्या साली चुन्यात घालून बघणार होतो. आधीचं शोधताना तुमचं सापडलं. त्यावरून कळलं की चुन्यात नाही घालायचं. आता आम्ही लाकडी खांबांना काढा आणि भिंतींना चुना, असं वेगवेगळं करतोय. आमचा एक पावसाळा वाचला, काका.

मला शोध लावणाऱ्यासारखं भारदस्त काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून आलं ते बाईंचंच.

"तुमच्या आधी कुणी केलंय का, ते सगळं नीट बघितलंत?"

"बघितलं ना, काका. तुम्ही केलंय."

मी म्हटलं, "त्यात माझ्या आधीचीही नावं आहेत. ती गाळू नका. आधी बाप, मग आई. मी शेवटी."

ती हसली. "आता शेवटी तुम्ही नाही, काका. शेवटी आम्ही."

फोन ठेवला आणि आत गेलो. म्हातारी दुधात विरजण लावत होती, बाईंच्या आईचं. तिला सगळं सांगितलं, सावकाश, एकही शब्द न गाळता. तिने चमचा धुतला, वाटीवर झाकण ठेवलं.

"म्हनजे एक जागा वर सरकलास," ती म्हणाली. "झालं ना मनासारखं? आता तरी ती तांबडी पट्टी रंगव, इतकी वर्षं तशीच ठेवलीस. गणपती येतायत."

मी चुना भिजत घातलाय.